पानामागचा कोळी

होळी होऊन आठच दिवस झाले होते, पण चाकणच्या माळावर ऊन वैशाखासारखं तापायला लागलं होतं. चिखलीहून साडेसहाची टमटम धरून अंबूबाई आणि तिचा नवरा चिमाजी कंपनीच्या गेटवर उतरले, तेव्हा कंटेनरांनी उडवलेली धूळ दोघांच्या भुवयांवर बसली होती. चिमाजीनं गळ्यातलं कार्ड सदऱ्याबाहेर काढलं. अंबूबाईनं पदराखालचं वर काढलं. गेटवरच्या खंडूनं दोन्ही कार्डं बघितल्यासारखं केलं आणि मान हलवली.

दोघं तिथं माळीकाम करत. कंपनीचे नोकर नव्हेत, ठेकेदाराचे. चिखलीतल्या ज्या वर्कशॉपात चिमाजी बावीस वर्षं लेथवर उभा होता ते बंद पडलं, आणि तेव्हापासून चार वर्षं हे काम होतं. त्याच्याकडं बाहेरची हिरवळ, गुलाबाचे दोन वाफे, कुंपणालगतची जास्वंद आणि फवारणीचा पंप. अंबूबाईकडं आतल्या कुंड्या. रिसेप्शनमध्ये सोळा आणि वरच्या मजल्यांवर पंचवीस.

त्या सोमवारी ती बादली घेऊन रिसेप्शनमध्ये शिरली तेव्हा टेबलामागची पिंकी उठून आली. आकुर्डीची पोर, बोलायला गोड.

"अंबूकाकू, ह्या पामला जळमटं लागलीत बघा. शनिवारी मी टिश्यूनं पुसली होती. आज परत आहेत."

अंबूबाईनं चष्मा लावला. अरेका पामच्या पानांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक पिवळे ठिपके पडले होते. तिनं एक पान उलटं केलं. खालच्या अंगाला पीठ भुरभुरल्यासारखं लागलं.

"एक कोरा कागद दे गं."

कागद पानाखाली धरून तिनं पानावर दोनदा टिचकी मारली. मिरपूड पडावी तसे ठिपके पडले. दोघी बघत राहिल्या. थोड्या वेळानं ते ठिपके चालायला लागले. अंबूबाईनं त्यांच्यावरून बोट ओढलं तसा कागदावर तांबूस फराटा उठला.

"कोळी हाय ह्यो. लाल कोळी."

पिंकीनं हात मागं घेतला. "चावतात का?"

"मान्साला न्हाई. पानाचं रगत पितंय. माझ्या म्हायेरी, मोशीला, वांग्यावर यायचा. हितं तर त्याला आवतनच हाय. गार कोरडी हवा, वरनं पान्याचा थेंब न्हाई, वारा न्हाई."

तेवढ्यात उत्कर्षा मॅडम आल्या. कंपनीच्या बिल्डिंगीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं असायची. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात फोन.

"मावशी, पानं पिवळी का पडलीत? पाणी घालता की नाही रोज?"

"पान्याचं न्हाई मॅडम. कोळी पडलाय. सगळ्या कुंड्या धा-बारा दिवस मागं सावलीत न्यायला लागतील. पान उलटं करून पान्यानं झोडपायचं, मग साबनाचं पानी. चार-चार दिसांनी तीनदा. अंडी मरत न्हाईत म्हनून तीनदा. लई खराब पानं कापून पिशवीत बांदून टाकायची."

"सगळ्या कुंड्या?" मॅडमनी फोन कानाला लावता लावता म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी परदेशातले पाहुणे येतायत. रिसेप्शन ओकंबोकं ठेवू का? कुलदीपला सांगा, तो औषध आणेल." आणि त्या लिफ्टकडं चालू लागल्या.

कुलदीप म्हणजे ठेकेदाराचा सुपरवायझर. लातूरकडचा, तिशीचा. अंबूबाईनं त्याला त्याच दिवशी सांगितलं. तो हसला.

"मावशी, साबण-पाणी गावाकडं. इथं दोन दिवसात रिझल्ट लागतो. आणतो मी."

"तुमी बी गावाकडचंच की."

"म्हणूनच सांगायलोय."

पाच दिवस त्यानं काही आणलं नाही. अंबूबाई रोज जमतील तेवढी पानं ओल्या फडक्यानं खालून पुसत राहिली. एका पामला पुसायला पाऊण तास लागायचा. एका कुंडीची होईपर्यंत शेजारच्या कुंडीला जाळ्याची तार सुटलेली असायची. शुक्रवारी तिला बाहेरच्या जास्वंदीवरही पिवळे ठिपके दिसले. पण तिथं पानामागं मोहरीएवढे काळे भुंगेरे फिरत होते. तिची आई त्यांना राखण्या म्हणायची. ते कोळी खात होते. तिनं चिमाजीला दाखवलं.

"हितं काय करू नका. हितलं हे भागवत्यात."

शनिवारी चार वाजता ऑफिस रिकामं झालं आणि कुलदीप एक लिटरची बाटली घेऊन मागच्या शेडमध्ये आला.

"चिमाजीकाका, पंप घ्या. सगळं रिसेप्शन, वरच्या केबिनी. आजच उरकायचं. उद्या रविवार, वास निघून जाईल."

अंबूबाईनं त्याच्या हातातून बाटली घेतली. सातवीपर्यंत शिकलेली होती ती. बाटलीला चिकटवलेल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत मराठी होतं. बोट ठेवून ती मोठ्यानं वाचायला लागली.

"कापूस. बोंडअळी. तूर, शेंगा पोखरनारी अळी. ह्यात कोळी कुठं हाय?"

"किडा म्हणजे किडा, मावशी."

"कोळी किडा न्हाई. आनि हे बगा. बंद जागेत फवारू नये. तोंडावर मास्क, हातात मोजे... कुठं हायत मोजे?"

"ते सगळ्याच बाटल्यांवर लिहिलेलं असतं. द्या इकडं." कुलदीपनं बाटली काढून घेतली. कागदावर बुचानं मापायला सांगितलं होतं. त्यानं पंपात सरळ बाटलीच उपडी केली. "जरा चढंच घालतो. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

औषधाचा उग्र वास शेडभर पसरला. अंबूबाई नवऱ्याकडं वळली.

"तुमी न्हाई मारायचं. ह्यांनी आनलंय तर ह्यांना मारू द्या."

चिमाजीनं तिच्याकडं बघितलं, मग कुलदीपकडं. लेथवर वाकून वाकून त्याचा डावा खांदा खाली आला होता. त्या खांद्यावर त्यानं पट्टा चढवला, तोंडाला पंचा गुंडाळला आणि पंप पाठीवर घेऊन आत गेला. अंबूबाईनं पट्टा धरायला हवा होता. तिनं धरला नाही. पुढं आठवडाभर तिला तेच टोचत राहिलं.

पाऊण तासानं चिमाजी बाहेर आला. डोळे लाल झालेले, नाकातोंडातून पाणी. पंचा ओला होऊन गळ्यात लोंबत होता. कुलदीपनं पंप हलवून बघितला.

"राहिलंय अजून. जास्वंदीवर मारून टाका, वाया कशाला?"

"तिथं नगं!" अंबूबाई ओरडली. पण चिमाजी यंत्रासारखा तसाच पुढं गेला. कुंपणाच्या अर्ध्यापर्यंत त्यानं फवारलं आणि मग तो गुडघ्यावर बसला. पंप पाठीवर असतानाच तो ओकला. अंबूबाईनं पळत जाऊन पट्टे सोडवले. नळाखाली त्याचं डोकं धरलं, हात कोपरापर्यंत चोळून धुतले. कुलदीप लांब उभा राहून बघत होता.

"उन्हानं झालं असंल," तो म्हणाला.

रविवारी दिवसभर चिमाजी पडून होता. चिखलीतल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं आणि कपडे वेगळे धुवायला सांगितले. त्याचे हात थरथरत होते. चहाचा कप बशीवर वाजत होता. अंबूबाईनं कप आपल्या हातात धरून त्याच्या ओठाला लावला.

"कुठं बोलू नगं," तो म्हणाला. "झालं ते झालं."

तिनं रिकामा कप धुवायला उचलला.

सोमवारी तो हट्टानं कामावर आला. नऊ वाजता बिल्डिंगचा एसी सुरू झाला. सव्वानऊला अंबूबाई दुसऱ्या मजल्यावर असताना तिला खालून आरडाओरड ऐकू आली. ती जिन्यानं खाली आली तर पिंकी खुर्चीवरून घसरून फरशीवर बसली होती. तोंड उघडं, छाती भात्यासारखी हलतेय आणि श्वास आत जात नाही. दोघा पोरांनी तिला उचलून गाडीत घातलं. तिची एक सँडल टेबलाखाली राहिली. अंबूबाईनं ती उचलून ड्रॉवरपाशी ठेवली.

मग ती पामपाशी गेली. पान उलटं केलं. कोळी होते. शनिवारी होते त्यापेक्षा जास्त. शेंड्यावर रेशमासारखं जाळं धरलं होतं आणि त्यावरून ते रांगेनं फिरत होते. ती बाहेर जास्वंदीकडं गेली. कुंपणाच्या खाली मातीवर काळे भुंगेरे मरून पडले होते. मोहरी सांडावी तसे. पानामागं कोळी मात्र जिवंत होता.

तिनं चार भुंगेरे तळहातावर घेतले आणि बराच वेळ ती तशीच उन्हात उभी राहिली.

दुपारी तीन वाजता कुलदीप शेडमध्ये आला. हिरवळीवर काम करणाऱ्या दोघी बायका तिथं डबा खाऊन हात धूत होत्या. कुलदीपच्या हातात टाईप केलेला कागद होता.

"चिमाजीकाका, एक सही करा इथं. ऑफिसची फॉर्म्यालिटी आहे."

चिमाजीनं हात पंच्याला पुसले आणि पेन घेतलं.

"थांबा," अंबूबाई म्हणाली. "काय लिवलंय?"

"काही नाही मावशी, नेहमीचंच."

"मग वाचून दाखवा. नेहमीचं हाय तर मोठ्यानं वाचा. ह्या दोघींना बी कळू द्या."

"तुम्हाला येतंय की वाचता."

"येतंय. पर मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

कुलदीपनं मागं वळून बघितलं. बायका हात तसेच ओले धरून उभ्या होत्या. त्यानं कागद डोळ्यांपुढं धरला आणि भरभर वाचलं.

"मी, चिमाजी सोपान नेवाळे, असे लिहून देतो की, शनिवारी मी सुपरवायझरला न विचारता, स्वतःच्या मनाने, प्रमाणापेक्षा जास्त औषध मिसळून ऑफिसमध्ये फवारणी केली. त्यामुळे झालेल्या त्रासास मी स्वतः जबाबदार आहे."

नळ गळत होता तेवढा आवाज.

"बाटली कुनी उपडी केली?" अंबूबाईनं विचारलं.

"मावशी, ती पोरगी ॲडमिट आहे. कंपनी विचारायलीय. कुणाचं तरी नाव द्यावं लागतं."

"मग तुमचं द्या."

कुलदीपचं तोंड लाल झालं. "माझं दिलं तर मी घरी जाईन. काकांना काय, आठ दिवस घरी बसवतील, मग दुसऱ्या साईटवर घेतो मी. शब्द देतो."

"पंप ह्यांच्या पाटीवर व्हता. हात ह्यांचाच व्हता. ते मी न्हाई म्हनत न्हाई. पर मनानं न्हाई मारलं. मी तुमाला बाटलीवरचं वाचून दाखिवलं व्हतं. तेबी लिवा ह्यात."

तिनं कागद त्याच्या हातातून घेतला, घडी घातली आणि पिशवीत टाकला. कुलदीप पुढं झाला, पण बायका बघत होत्या.

"ठीक आहे," तो म्हणाला. "कार्डं द्या दोघांची. सही झालेला कागद आणाल तेव्हा कार्डं मिळतील."

चिमाजीनं कार्ड काढून दिलं. दोरी कानाला अडकली तेव्हा कुलदीपनंच ती सोडवली. अंबूबाईनं आपलं कार्ड शेडमधल्या ओट्यावर ठेवलं, त्याच्या हातात दिलं नाही.

संध्याकाळी मुलगा ज्ञानेश पहिल्या शिफ्टवरून आला होता. त्यानं कागद दोनदा वाचला.

"आई, सही करू दे आप्पांना. पोलीस केस वगैरे काही होणार नाही. त्यांना फक्त फाईलला लावायला पाहिजे."

"मग फाईलला खरं लावू दे."

"खरं-खोटं कोण बघतं? आमच्या कंपनीत असल्या कागदांवर रोज सह्या होतात. ह्या वयात आप्पांना दुसरीकडं कोण घेणार?"

"उद्या त्या पोरीचं काय बरंवाईट झालं तर? ह्या कागदानं मारनारा कोन ठरतो?"

ज्ञानेशनं कागद खाली ठेवला. चिमाजी भिंतीला टेकून बसला होता. सगळ्यांना वाटत होतं की त्याचं लक्ष नाही. तो हळूच म्हणाला, "माझं पुरं नाव लिवलंय बग. बापाच्या नावासकट. चार वर्सं त्या मस्टरवर नुसतं 'चिमा माळी' व्हतं. आज पुरं नाव गावलं त्यांना."

तो हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "न्हाई करायची सही."

त्यानंतर थोड्या वेळानं पिंकीचा फोन आला. आवाज घोगरा होता. आता बरी होती, पण दोन दिवस ठेवून घेणार होते.

"काकू, डॉक्टर म्हणतात औषधाच्या वासानं झालं. कुणी मारलं हो?"

अंबूबाईनं क्षणभर नवऱ्याकडं बघितलं.

"आमच्या मालकांनीच मारलं, पोरी. त्यांनाबी तरास झाला. मला अडवता आलं असतं, मी अडवलं न्हाई. मला माफ कर."

पलीकडं पिंकी खोकली. मग म्हणाली, "ते स्वतःहून मारणार नाहीत, मला माहितीय. मॅडमचा फोन आला तर मी सांगेन."

मंगळवारी सकाळी अंबूबाईनं नेहमीसारखा डबा भरला. चिमाजीनं विचारलं, "कुठं?"

"कामाला."

"कार्ड न्हाई."

"गेटच्या भाईर बी झाडं हायत की."

कंपनीच्या भिंतीबाहेर रस्त्याकडेनं जास्वंदीची लांब रांग होती. कंपनीनंच लावलेली, चिमाजीच्याच देखरेखीतली. रस्त्याची धूळ पानांवर बोटभर साचलेली, आणि धुळीखाली कोळी चांगला माजलेला. अंबूबाईनं समोरच्या चहाच्या टपरीवाल्याकडून पिंपातलं पाणी मागून घेतलं, बादलीत कपड्याचा साबण किसला, जुन्या लुगड्याचं फडकं बुडवलं आणि पहिल्या झाडापाशी उकिडवी बसली. एक एक फांदी वाकवायची. पान उलटं करायचं. देठापासून टोकापर्यंत फडकं ओढायचं. मग साध्या पाण्याचा सपकारा. जाळं धरलेले शेंडे कापून ती पिशवीत भरत होती.

खंडू गेटमधून बाहेर आला. "मावशी, मला आत सोडायला सांगू नका हां. माझी नोकरी जाईल."

"आत कोन येतंय? मी सडकंवर हाय."

खंडू डोकं खाजवत परत गेला. अकरा वाजता त्यानं गुपचूप गार पाण्याची बाटली आणून झाडाच्या बुंध्याशी ठेवली.

चिमाजी पहिला पूर्ण दिवस भिंतीच्या सावलीत रस्त्याकडं पाठ करून बसला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यानं ओळखू नये म्हणून त्यानं पंचा कपाळावर ओढून घेतला होता. तीन वाजता शिफ्ट सुटली. मोटारसायकली हळू होत होत्या.

"मावशी, बाहेर काढलं तरी काम चालूच?" एकानं विचारलं.

"कुलदीपनं काढलंय. झाडांनी न्हाई."

दोघं-तिघं हसले. एकजण हसला नाही. तो उतरला, काय झालं ते विचारलं, आणि तिनं पिशवीतून कागद काढून त्याला वाचायला दिला. मग दुसऱ्यानं वाचला. कागद ती हातातून सोडत नव्हती. दोन बोटांत धरून समोर करायची आणि वाचून झाला की घडी घालायची.

बुधवारी तिच्या कमरेत कळ भरली. साबणानं बोटांची टोकं पांढरी होऊन सोलायला लागली. दहा वाजता चिमाजी उठला, पंचा कपाळावरून मागं सारला, दुसरं फडकं घेतलं आणि रांगेच्या पलीकडच्या टोकाला बसला. हात अजून थरथरत होते, पण पान धरता येत होतं.

बाराच्या सुमाराला कुलदीप बाहेर आला. त्याच्या मागून टेम्पोतून दहा नवे पाम आत चालले होते.

"फुकट राबून काय दाखवायलात मावशी? ठेकेदारानं नवी झाडं मागवलीत. तुमच्यावाचून काही अडलं नाही इथं."

"जुनी तशीच ठिवून शेजारी नवी ठिवनार?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काय न्हाई. पंधरा दिसांत ती बी तशीच व्हतील, एवढं सांगून ठिवते."

"सही करा आणि आत या. एवढा ताठा बरा नव्हे."

चिमाजी लांबून बोलला. त्याला कुलदीपशी इतक्या मोठ्यानं कधी बोलताना अंबूबाईनं ऐकलं नव्हतं. "सही न्हाई! पुना इचारू नगं!"

कुलदीपनं मान झटकली आणि आत गेला.

गुरुवारी सकाळी साडेनऊला उत्कर्षा मॅडमची गाडी गेटमधून आत गेली. दहा मिनिटांनी मॅडम एकट्याच चालत बाहेर आल्या. डोक्यावर ओढणी घेतलेली, पायात उंच टाचा. खडीवरून चालताना त्या अडखळत होत्या.

"अंबूबाई, पिंकीशी बोलले मी. हे काय प्रकरण आहे? तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

अंबूबाई उठली. गुडघे सरळ व्हायला वेळ लागला.

"सांगितलं व्हतं मॅडम. मागल्या सोमवारी, पिंकीच्या टेबलापाशी. कुंड्या भाईर काढायच्या म्हनले. तुमी म्हनलात, कुलदीपला सांगा."

अंबूबाईनं कागद उघडून पुढं केला. मॅडमनी तो वाचला. मग धुतलेल्या जास्वंदीकडं त्यांची नजर गेली. अर्धी रांग हिरवीगार चमकत होती, उरलेली राखेच्या रंगाची.

"ठेकेदार म्हणतोय, चिमाजींनीच चूक कबूल केलीय. फक्त सही बाकी आहे."

"सही बाकी हाय म्हंजी कबूल न्हाई," अंबूबाई म्हणाली. "बाटली शेडमधी आसंल अजून. वाचा त्यावरचं. एक लिटरची बाटली एका पंपात रिकामी झालीय. माळ्याला बाटली आनायचा अधिकार कुनी दिला, तेवढं ठेकेदाराला इचारा."

मॅडमनी ओढणीनं घाम पुसला. "उद्या पाहुणे येतायत आणि नव्या पामशेजारीही जाळी दिसतायत. तुम्ही आज आत या. कार्डं मी द्यायला लावते. बाकीचं पुढच्या आठवड्यात बघू."

ह्या बाईनं एवढं चालत यावं, ह्याचंच चिमाजीला मोठं वाटलं होतं. तो उठायला लागला. अंबूबाईनं हातानं त्याला थांबवलं.

"न्हाई मॅडम. आदी बाकीचं. मालकांची चूक न्हाई, असं तुमच्या सहीनं पायजे. बिल्डिंगीत पंप न्यायचा न्हाई, हेबी त्यातच लिवा. आनि कुंड्या आजच्या आज भाईर. एकेचाळीस जुन्या, धा नव्या."

"पाहुण्यांना मोकळं रिसेप्शन दाखवू?"

"दाखवा. मोकळं काय वाईट दिसतंय? त्या जागेत एक पोरगी श्वास घेत व्हती."

मॅडम बराच वेळ उन्हात उभ्या राहिल्या. एक कंटेनर गेला, तिघांच्या अंगावर धूळ बसली. मग त्या वळल्या आणि आत गेल्या.

"घालवलंस," चिमाजी म्हणाला.

"घालवलं तर घालवलं. फडकं द्या हिकडं."

दोन वाजेपर्यंत काही झालं नाही. डबा उघडला तरी अंबूबाईला घास उतरेना. ज्ञानेश म्हणाला ते खरं असेल, असं एकदा तिच्या मनात आलं. अडीच वाजता खंडू पळत आला. हातात दोन कार्डं आणि कंपनीच्या शिक्क्याचा एक कागद. त्यावर चार ओळी होत्या. अंबूबाईनं उन्हात उभं राहून त्या सावकाश वाचल्या. औषध सुपरवायझरनं आणलं आणि मिसळलं, असं त्यात होतं. बिल्डिंगीत फवारणी बंद, असंही होतं. मॅडमची सही होती. 'मी चौकशी करायला हवी होती' असं कुठं नव्हतं. तिनं तेही शोधून बघितलं.

"तो जुना कागद परत मागितलाय मॅडमनी," खंडू म्हणाला.

"तो माझ्यापाशीच ऱ्हाईल. तसं सांग त्यांना."

त्या दुपारी एक्कावन्न कुंड्या बाहेर निघाल्या. हातगाडीवर एका वेळी तीन. लिफ्ट सामानासाठी नाही म्हणाले, तेव्हा वरच्या कुंड्या जिन्यानं उतरवल्या. अंबूबाई खाली, चिमाजी वर, मध्ये कुंडी. चिमाजीला दर मजल्यावर दम खायला थांबावं लागत होतं. हिरवळीवरच्या दोघी बायका न सांगता येऊन हातभार लावायला लागल्या. जाळं धरलेली पानं कापली तसे पाम बोडके झाले. काहींना नुसत्या तीन झावळ्या उरल्या. शेडमागच्या सावलीत कुंड्या अंतर ठेवून मांडल्या. जुन्या एकीकडं, नव्या दुसरीकडं. पहिलं धुणं अंधार पडायच्या आत उरकलं.

कुलदीपला ठेकेदारानं काढलं नाही. तो कोणाचा तरी नातेवाईक होता, असं नंतर कळलं. दिवसभर तो शेडकडं फिरकला नाही.

शुक्रवारी सकाळी तो आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्डाची नवी पट्टी. अंबूबाई दारासमोरच्या गुलाबाच्या वाफ्यात उभी होती. चिमाजी नळापाशी होता. तिनं रबरी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून धरला होता आणि पानांच्या खालून पाण्याचा मारा चालवला होता. वाफ्यालगतच्या फरशीवर पाणी पसरलं होतं.

"बंद करा ते," कुलदीप म्हणाला. तो तिच्या आणि गुलाबांच्या मध्ये येऊन उभा राहिला. "दहा मिनिटांत पाहुण्यांच्या गाड्या येतील. तुम्ही दोघं शेडच्या मागं जाऊन बसा. ते गेल्याशिवाय पुढं यायचं नाही. आणि हे लक्षात ठेवा, मॅडम रोज नसतात. रोज मीच असतो."

चिमाजीनं नळावर हात ठेवून बायकोकडं बघितलं. तिनं मान हलवली. त्यानं नळ आणखी एक आटा उघडला.

पाइप तिच्या हातात फुरफुरला. गेटबाहेर हॉर्न वाजला आणि खंडूनं फाटक ढकलायला सुरुवात केली.

"बाजूला व्हा," अंबूबाई म्हणाली, "भिजाल."

कुलदीप हलला नाही. तिनं अंगठा फिरवला. पाण्याची धार त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर मातीत शिरली आणि चिखल उडाला. त्यानं आधी बुटाकडं बघितलं, मग आत येणाऱ्या गाड्यांकडं, आणि इस्त्रीचा शर्ट सांभाळत दोन पावलं हिरवळीवर सरकला.

अंबूबाईनं फांदी वाकवली, पान उलटं केलं आणि धार सोडली. तांबूस, गढूळ पाणी देठावरून ओघळून फरशीवर गेलं. पहिल्या गाडीचं चाक त्या पाण्यातून गेलं. तिनं वर पाहिलं नाही. दुसरी फांदी धरली.